डोंगरामागचं सासर

बाई, पोरीचं लग्न ठरलं. घरोघर सांगून झालं, पेढे वाटून झाले, ‘एवढ्या लांब?’ असं सगळ्यांचं विचारून झालं, आणि आज दुपारी भांडी आवरून जरा टेकले तेव्हा मनात आलं, की ही गोष्ट जिला खरी कळली असती ती बाई तर केव्हाच गेली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या वर्गातल्या दोघी-तिघी आता आज्या झाल्यात. तरी लिहिते आहे. बाकीच्यांना मी मुलगा काय करतो, घरी कोण कोण असतं एवढं सांगते आणि त्यांना तेवढं पुरतं. तुम्हाला मात्र आधी त्या गावातल्या घरांची छपरं सांगायची आहेत.

मी तुमच्या आठवीच्या वर्गातली. सोलापूरच्या पूर्व भागातून चालत यायची. वडील यंत्रमागावर, घरात तेलुगू, म्हणून मराठी बोलताना माझी लिंगं चुकायची. ‘ती पाऊस आली’ म्हटलं की वर्ग हसायचा. तुम्ही कधी हसला नाहीत. तुम्हीही बाहेरच्याच होतात, कोकणातून नोकरीसाठी आलेल्या. आमचा उन्हाळा तुम्हाला सोसायचा नाही. पदर ओला करून डोक्यावर घ्यायच्या आणि तशाच फळ्यावर नद्या काढायच्या. पण फळ्यावर तुमचं समाधान होईना, म्हणून तुम्ही शाळेच्या मागच्या पटांगणात, पाण्याच्या टाकीजवळ, अख्खा देश मांडायला घेतलात. जवळच्या कुंभारी गावाहून येणारी एक मुलगी शेतातली काळी माती पिशवीत भरून आणायची, ती दख्खनच्या पठाराला. हिमालयाला मुरूम, राजस्थानला सीना नदीची वाळू, गंगेच्या मैदानाला कुणाच्या तरी घराच्या बांधकामातली पोयट्याची माती. बर्फ म्हणून खडूची भुकटी. माझ्याकडे सह्याद्री होता. मी पश्चिमेला मुरमाचा बांध घातला, आणि तुम्ही माझ्या शेजारी उकिडव्या बसून, बोटांनी त्याची पश्चिमेची बाजू खाली ओढून एकदम कडा केलीत. ‘माझ्या गावाच्या मागं हा असा आहे,’ म्हणालात, ‘भिंतीसारखा. मान मोडते वर बघताना.’

त्या दिवशी तुम्ही बादलीत हात बुडवून अरबी समुद्राच्या बाजूनं मूठभर पाणी त्या बांधावर फेकलंत. पुढची बाजू चिंब झाली. मागं दोन-चार थेंब उडाले. तुम्ही विचारताय, ‘मागं कोण राहतं?’ मग कुंभारीवाली हळूच म्हणते, ‘आमी की, बाई.’ तुम्ही ‘पर्जन्यछाया’ हा शब्द सांगितलात. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘म्हणजे आपण कमनशिबी.’ तुम्ही कधी रागवायच्या नाहीत, त्या दिवशी रागावलात. ‘काय गो, नशीब कुठनं आलं यात? भूगोलात नशीब नसतं. जागा असते. जागा कशी आहे ते बघ आणि मग तिथली माणसं काय करतात ते बघ. बस खाली.’ मला रडू आलं होतं. शब्दांपेक्षा, तुम्ही सगळ्यांसमोर बोललात म्हणून. जूनमध्ये पाऊस आला आणि आमचा देश वाहून गेला. पटांगणाचा उतार गटारीकडे, म्हणजे आमच्या नकाशात बंगालच्या उपसागराकडे होता. आम्ही हळहळलो, आणि तुम्ही छत्री घेऊन आनंदानं बघत उभ्या. ‘बघा गं, गोदावरी, भीमा, कृष्णा, सगळ्या बरोबर पूर्वेला चालल्यात!’

छपरांची गोष्ट त्यानंतरची. एकदा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही आम्हाला कुंभारीला त्या मुलीच्या घरी नेलंत. जुनं मातीचं घर, वर सपाट धाबं, पांढऱ्या मातीनं लिंपलेलं. धाब्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. तुम्ही साडी खोचून शिडीनं वर गेलात आणि मिरच्यांच्या कडेनं चालत राहिलात. तिची आई खालून ओरडतेय, ‘बाई, जपून! तितं कडंला नगा जाऊ.’ तुम्ही हसताय. ‘अहो, आमच्याकडे छपरावर उभं राहिलं तर माणूस घसरून थेट माडाच्या बुंध्याशी जाईल!’ मग आम्हाला सांगितलंत, ‘नव्या गावात गेलात की पाऊस किती पडतो ते कुणाला विचारू नका. मान वर करा. उतरतं छप्पर असेल तर पाणी घालवायची घाई आहे. सपाट असेल तर घाई नाही.’ आणि नंतर खालच्या आवाजात, बहुतेक स्वतःशीच, ‘इथं आल्यावर पहिले सहा महिने मी रोज रडले. आता तिकडे गेले की चार दिवसांत अंगाला ओल चढल्यासारखी वाटते.’

तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस मी मुलीला लहानपणापासून इतक्यांदा सांगितलाय की तिला तो पाठ आहे. दहावी झाली होती. वडिलांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं होतं. घरातले माग चालू होते, त्या खडखडाटात तुमचं बोलणं कुणाला ऐकू येईना, म्हणून वडिलांनी चालते माग बंद केले. ते असं कुणासाठी करत नसत. म्हणाले, ‘पोरगी शिकून काय नकाशे काढणार हाय का, बाई?’ तुम्ही म्हणालात, ‘नकाशे नाही काढले तरी चालेल. पण आपण कुठं आहोत आणि कुठवर जाता येतं, ते तिला कळू दे.’ तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात आणि अम्माच्या शेजारी चुलीपुढं बसलात. अम्माला तेव्हा फार मराठी येत नव्हतं. तुम्ही तिचं माहेर विचारलंत. ती म्हणाली, तेलंगण, लई लांब. तुम्ही परातीतल्या पिठावर बोट फिरवून तिला दाखवलंत: हा डोंगर, हा उतार, इथं तुझं माहेर, इथं हे घर. सगळं एकच पठार आहे. अम्मा ते पीठ बघत राहिली. ‘म्हंजे मी लांब नाही आली?’ तुम्ही ‘नाही’ म्हणालात. त्या रात्री अम्मानं वडिलांना काय सांगितलं मला माहीत नाही, पण मी बारावीपर्यंत शिकले. पुढं लग्न झालं. यांचा गणवेश शिवायचा छोटा कारखाना आहे, बारा मशिनी. मी काजं-बटणं बघते, हिशेब बघते. नकाशे नाही काढले.

नकाशाच्या वाटेला गेली ती आमची मुलगी. शेतीतली पदवी घेतली आणि पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागली. संस्थेनं पाठवलं हिमाचलात, स्पिती नावाच्या खोऱ्यात. वर्षासाठी गेली आणि राहिली. मग एका रविवारी फोनवर म्हणाली, ‘मम्मी, एक मुलगा आहे. इथलाच. शेती करतो, आमच्या कामातही असतो. तुम्ही दोघं येऊन बघा. तुम्ही नाही म्हणालात तर मी लग्न करणार नाही. पण परतही येणार नाही, काम इथंच आहे.’ हे शेजारीच ऐकत होते, ते उठले आणि मशिनीवर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी जेवताना फुटले. ‘सहा महिने बर्फ. रस्ता बंद. पोरगी आजारी पडली तर कोण बघायचं? बाळंतपण कुटं करायचं? लोकांची भाषा वेगळी, देव वेगळा. तू हसून फोनवर काय बोलालीस तिच्याशी?’ मी हसत नव्हते, बाई. माझ्याही पोटात तेच होतं. मला तर रात्रंदिवस एकच दिसायचं, की खोऱ्याचं तोंड बर्फानं बंद झालंय आणि ती आत आहे. पण मी म्हटलं, ‘न बघता नाही कसं म्हणायचं? जाऊन नाही म्हणू.’ त्यावर ते तयार झाले. नाही म्हणायलाच निघालो होतो आम्ही.

ऑगस्टमध्ये निघालो. मी कधी इतका लांबचा प्रवास केलेला नव्हता. हे झोपत होते आणि मी खिडकीशी. भुसावळला तापी, मग सातपुड्याचं साग, मग नर्मदा. नर्मदेच्या पुलावर लोकांनी नाणी टाकली, हात जोडले. मीही जोडले, पण मनात तुमचा आवाज, ‘ही पश्चिमेला जाते, ही वेगळी आहे.’ चंबळच्या घळी आल्या तेव्हा यांना उठवलं. मैलन्‌मैल जमीन चिरलेली, काप गेलेले, कडा विस्कटलेल्या. हे डोळे चोळत म्हणाले, ‘आयला, शिवणच उसवलीय की सगळी.’ पुढं दिल्लीपर्यंत सगळं सपाट, इतकं सपाट की माझे डोळे उंचवटा शोधत राहिले. नंतर बसनं मनाली. तिथं मुसळधार पाऊस. देवदारांच्या टोकांवर ढग अडकलेले, घरांची छपरं तीव्र उतरती. तुमचं गाव मी पाहिलेलं नाही, पण मला वाटलं ते असंच ओलं असणार.

मुलगी आणि तो मुलगा गाडी घेऊन आले होते. मुलगा कमी बोलणारा. त्यानं वाकून नमस्कार केला, यांनी नुसती मान हलवली. गाडी डोंगराखालच्या लांब बोगद्यात शिरली तेव्हा काचेवरचं पाणी पुसायचे ते दांडे फटफटत होते. बोगद्याच्या पलीकडे निघालो आणि थोड्या वेळानं मुलानं ते बंद केले. पाऊस नव्हता. अजून पुढं गेलो तशी झाडं विरळ झाली, मग संपलीच. नुसते दगडी डोंगर, तांबडे, राखाडी, जांभळे, अंगावर गवताची काडी नाही, आणि त्यांच्यावर कोरडं निळं आभाळ. मी मागं वळून पाहिलं. ढग डोंगराच्या त्या बाजूला अडकून राहिले होते. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, ‘पर्जन्यछाया!’ मुलानं आरशातून पाहिलं, मुलगी हसायला लागली. ‘हो मम्मी. सोलापूरला सह्याद्री, इथं हिमालय.’ हे म्हणाले, ‘आता हिथं बी भूगोल सुरू झाला.’ पण बोलताना त्यांना धाप लागली होती, आणि ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

खिंडीपाशी यांची तब्येत बिघडली. डोकं धरलं, ओकारी झाली, ओठ काळे पडायला लागले. ‘श्वास पुरत न्हाय,’ एवढंच म्हणत होते. मी तिथं रस्त्याच्या कडेला बसले आणि माझं डोकंच चालेना. बाई, चहूबाजूंनी एवढं मोठं जग, आणि माझ्या माणसाला त्यात श्वास मिळेना. मुलीनं पाणी दिलं, पण निम्मं अंगावरच सांडलं. मुलगा गडबडला नाही. त्यानं यांना उचलून मागच्या सीटवर आडवं केलं, डोक्याखाली स्वतःचं जॅकेट दिलं आणि मला म्हणाला, ‘माँजी, नीचे उतरना है. जितना नीचे, उतनी साँस. आप इनसे बात करते रहिए, सोने मत दीजिए.’ त्या रस्त्याला रस्ता म्हणायचं तर म्हणायचं. मी यांच्याशी काय बोलले ते आठवत नाही. शाळांच्या गणवेशांचं काहीतरी, कुठल्या शाळेचा शर्ट चौकटीचा, कुठल्या शाळेचा निळा. ते मध्येच डोळे मिटलेलेच म्हणाले, ‘निळा न्हाय, राखाडी,’ आणि मला इतका धीर आला की मी रडले.

खाली मोठ्या गावातल्या दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण बाई होत्या. म्हणाल्या, वेळेवर आणलंत, आता घाबरू नका, विश्रांती घ्या. संध्याकाळपर्यंत ओठांना रंग आला. मुलाची आई दवाखान्यात आली ती थर्मास घेऊन. माझ्याच वयाची, गालांवर उन्हाचे डाग. मला वाटलं, आता ओळखपाळख होईल, विचारपूस होईल. तिनं काही न विचारता सातूच्या पिठाचं गरम सूप माझ्या हातात दिलं आणि यांच्या पायांना हात लावून ते गार आहेत का पाहिलं. मग माझ्या शेजारी बाकावर बसली. बसूनच राहिली, हे झोपेपर्यंत.

त्यांच्या गावी गेलो ते डॉक्टरांनी सोडल्यावर. गाडी वळणावरून खाली उतरायला लागली आणि मी मान वर केली, म्हणजे खरं तर खाली केली, कारण गाव खाली होतं. बाई, सगळी छपरं सपाट. पांढऱ्या मातीनं लिंपलेली घरं, वर धाबं, धाब्यावर चारा रचलेला आणि जर्दाळू वाळत घातलेले. मला हसू फुटलं. मुलाच्या आईनं विचारलं, ‘क्या हुआ?’ मी म्हटलं, ‘हमारे यहाँ भी ऐसाच घर है. छत पे मिर्ची सुखाते.’ ती म्हणाली, ‘मिर्ची यहाँ नहीं होती. भेज देना.’ एवढंच बोललो. पण सोलापुरातून निघाल्यापासून कुठल्यातरी भलत्याच जगात पोरगी देतोय असं जे वाटत होतं ते गेलं. डोंगर भलतेच होते, हवा भलतीच होती, पण डोंगरामागं राहणाऱ्यांचं घर कसं असतं ते मला माहीत होतं. तुम्ही ते आम्हाला दाखवलं होतं.

राहिले हे. ते अंगणात उन्हात घोंगडी पांघरून बसायचे आणि होकाराचं नाव काढायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील फावडं घेऊन निघाले. यांनी विचारलं, ‘कहाँ चले?’ ते म्हणाले, ‘पानी लाने. आज हमारी बारी है.’ वर कुठंतरी बर्फ वितळतं, ते पाणी मातीच्या पाटानं गावात येतं, आणि प्रत्येक घराची पाळी ठरलेली. आपल्या पाळीला आपण पाटाचं तोंड आपल्या मटाराच्या शेताकडे फिरवायचं. ‘बारी कब कब आती है?’ ‘तीसरे-चौथे दिन.’ हे एकदम सरळ बसले. ‘तीसरे-चौथे दिन? और बारी चूक गई तो?’ ‘तो बीवी की गाली.’ बाई, आमचे हे असे हसायला लागले, की यांना पुन्हा धाप लागेल म्हणून मला भीती वाटली. ‘अरे, हमारा नल भी चौथे दिन आता है! और पानी भरना भूल गया तो, ये बैठी है, इसको पूछो!’ उठलेच. मी नको नको म्हणतेय, मुलगी नको म्हणतेय, तोवर दोघं सावकाश पाटाच्या कडेनं चालायला लागले होते. परत आले तेव्हा यांच्या पँटच्या काठाला चिखल. माझ्याजवळ बसले, बूट काढले आणि म्हणाले, ‘माणूस बरा हाय. पाण्याची किंमत माहिताय.’ मग बुटांचा चिखल झटकत, ‘पोरगं बी बरंय.’ होकार असा आला. मुलगी खांबाआड उभी होती. तिनं ऐकलं आणि आत पळाली.

बाळंतपणाचं मात्र मी स्वतः विचारलं. चुलीशी मुलाची आई आणि मी, दोघीच होतो. ती शेगडीत गोवऱ्या सारत होती. माझ्या हिंदीत कसंबसं विचारलं, बर्फात काय करायचं? ती म्हणाली, थंडी सुरू व्हायच्या आत तिला तुझ्याकडे पाठवीन. मीही माझ्या आईकडे खाली गेले होते. बाळ घेऊन उन्हाळ्यात ये, मी आंघोळ घालीन. आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढ्या महिन्यांची झोप माझ्या डोळ्यांवर तिथं आली. मी चुलीशेजारीच आडवी झाले आणि संध्याकाळी उठले तेव्हा अंगावर तिची शाल होती.

लग्न इथं, हिवाळ्यात. रस्ता बंद व्हायच्या आत खाली उतरून त्यांच्याकडची माणसं येणार आहेत. तुम्ही असता तर पहिला मान तुमचा होता. तुम्हाला हिमालय बघायचा होता, दर सुट्टीत म्हणायच्या, आणि राहून गेला. तुमच्यासाठी म्हणून मी तो जास्त पाहिला, एवढंच म्हणू शकते. हे लिहिलेलं कुठं टाकणार? तुमच्या गावचा पत्ताही आता कुणाला माहीत नाही. कपाटात साड्यांखाली राहील.

एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही, ते तुम्हाला सांगते. निघायच्या सकाळी मुलाच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, ‘तुम्हारे महाराष्ट्र में समुंदर है ना? कैसा होता है?’ तिनं कधी पाहिलेला नाही. लग्नाला आली की बघायची तिची फार इच्छा आहे. तिचा चेहरा असा झाला होता, की मी म्हटलं, ‘लई बड़ा. मैं दिखाऊँगी ना, मैंने बहुत बार देखा है.’ बाई, मी समुद्र पाहिलेलाच नाही. आठवीत नुसता बादलीतला पाहिला. आता लग्नाच्या आधी, कुणाला न कळता, एकदा जाऊन यायला हवं.